वाकड्या न्हाणीघरातला उंच ओटा

मंडळी, आज बोलायचे आहे ते न्हाणीघराविषयी. विषय घरगुती खरा. पण गावोगावच्या जुन्या घरांत तो हल्ली अडचणीचा होऊन बसला आहे, आणि त्या अडचणीचे मूळ दारासमोरच्या रस्त्यात आहे. गल्लीत आधी मुरूम पडला, मग खडी आली, मग डांबर, आणि आता सिमेंट. बहुतेक ठिकाणी जुना थर न उकरता त्यावरच नवा चढवला. रस्ता चढला तसे कडेचे गटारही वर आले. घर मात्र होते तेथेच राहिले. आजोबांनी बांधली तेव्हा मोरीची फरशी गटारापेक्षा वीतभर उंच होती. आज ती गटाराच्या तळाच्याही खाली गेली आहे. पाणी आपण होऊन खालून वर चढत नाही, हे सांगायला रेडिओची गरज नाही. घरातली बाई रोज मोरीत साचलेले पाणी तांब्याने उपसून बाहेर फेकते, आणि पावसाळ्यात तर गटारच मोरीत पाहुणे येते.

दुसरी अडचण आकाराची. गल्ली जेथे वळते तेथे घराची भिंतही वळते. माजघर, स्वयंपाकघर हे चौकोनी काढून झाल्यावर कडेला जो वाकडा तुकडा उरतो, तो हमखास मोरीच्या वाट्याला येतो. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. त्यात बंब, बादल्या, धुण्याचे पाट, घंगाळ, साबणाचे डबे. आंघोळ करणाऱ्याने उभे कोठे राहायचे, हा प्रश्नच असतो.

अशातच पुष्कळ घरांत आता नळ आला आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले. नळ आला, टाकी बसली, की पोरे म्हणतात, ‘‘आबा, आता शॉवर लावू या!’’ लावा, जरूर लावा. पण फवाऱ्याआधी त्याच्या खालच्या जमिनीचा विचार झाला पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच विचारून घ्या. घरामागे परसू आहे का? असेल तर फरशी उंच करण्याच्या भानगडीत पडू नका. मोरीचे पाणी मागे वळवा, शोषखड्ड्यात सोडा, नाहीतर केळीच्या आळ्याला द्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि डासांचा उपद्रव हटवला, हे पुष्कळांनी ऐकले असेल. शोषखड्डा विहिरीपासून आणि घराच्या पायापासून दूर हवा, एवढे पथ्य पाळा. ज्यांच्या घराला परसू नाही, तिन्ही बाजूंना शेजारी आणि चौथीला गल्ली, त्यांच्यासाठी पुढचे सांगणे आहे.

आंघोळीचा ओटा ही काही नवी कल्पना नव्हे. सिंधमध्ये मोहेंजोदडो येथे १९२२ सालापासून उत्खनन झाले. तेथल्या चार हजार वर्षांहून जुन्या घरांत पक्क्या विटांचे न्हाणीचे ओटे सापडले. ते बहुधा रस्त्याकडच्या भिंतीला लागून असत, एका कोपऱ्याकडे उतार दिलेला असे, आणि पाणी भिंतीतून थेट रस्त्याच्या गटारात जाई. आपल्यालाही तेच साधायचे आहे.

आता मोजमापाकडे वळू. रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून ज्यांच्याजवळ पाटी-खडू असेल त्यांनी काढत चला. गुरुजींनी तर हा भाग वर्गातच घ्यावा. भूमितीच्या पुस्तकातला समलंब चौकोन पोरांना खोटा वाटतो. तो त्यांच्याच घरात मोरीच्या रूपाने पसरलेला असतो.

समजा, स्वयंपाकघराकडची भिंत सरळ आहे आणि ७ फूट लांब आहे. तिच्या एका टोकाला काटकोनात ५ फुटांची भिंत, दुसऱ्या टोकाला काटकोनातच अडीच फुटांची. गल्लीकडची भिंत तिरपी. ती भरते सुमारे ७ फूट ५ इंच. क्षेत्रफळ सव्वासव्वीस चौरस फूट. आता गंमत अशी की, चारही बाजू मोजल्या म्हणजे आकार कळला असे नव्हे. चार काठ्या टोकाला टोक बांधून चौकट करून पाहा. ती डुलते, कलते, बाजू त्याच राहतात आणि आकार बदलतो. एक काठी कर्णावर बांधली की चौकट जागच्या जागी थांबते. म्हणून मोरी मोजताना एक कर्ण मोजलाच पाहिजे. आपल्या उदाहरणात रुंद टोकाच्या गल्लीकडच्या कोपऱ्यापासून अरुंद टोकाच्या स्वयंपाकघराकडच्या कोपऱ्यापर्यंत ८ फूट ७ इंच भरले पाहिजे. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहायला गुण्या नसला तरी चालेल. एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले तर काटकोन. जुन्या घरात ते बरोबर येईलच अशी आशा धरू नका. आणि ही मापे भिंतींना विटांचे अस्तर देऊन झाल्यानंतरची धरा. अस्तराबद्दल पुढे सांगतो.

वाकड्या जागेत माणसे एक चूक हटकून करतात. सगळी जागा आंघोळीला देतात आणि मग सामान मिळेल तेथे कोंबतात. खरे पाहता माणसाच्या अंगाला चौकोनी जागा लागते. कोपर हलवायला, पाठ चोळायला, खाली वाकायला. साबणाच्या डब्याला आणि तांब्याला तसे काही नाही; ते निमुळत्या कोनात आनंदाने राहतात. तेव्हा आधी जागेतून एक चांगला चौकोन काढून घ्या, तो आंघोळीला द्या, आणि उरलेला वाकडेपणा सामानाच्या गळ्यात बांधा.

आपल्या मोरीत हा चौकोन रुंद टोकाला निघतो. सरळ भिंतीवर रुंद टोकापासून ३ फूट मोजा आणि तेथून काटकोनात गल्लीच्या भिंतीपर्यंत रेघ ओढा. ती ३ फूट ११ इंच भरेल. म्हणजे ३ फूट बाय ३ फूट ११ इंचांची स्वच्छ जागा मिळाली, आणि गल्लीच्या भिंतीशी एक त्रिकोणी पट्टी उरली. ही पट्टी रुंद टोकाला १३ इंच, आणि निमुळती होत होत शून्य. हाच तो निरुपयोगी कोपरा, ज्यात आजवर शेवाळ साचत होते. तेथे ओट्याच्या फरशीपासून १६-१७ इंच उंच विटांचा भरीव कट्टा बांधा आणि वर कडप्पा टाका, पण चौकोनाकडे थोडा कलता, म्हणजे त्यावर पाणी राहणार नाही. रुंद टोकाला म्हातारे माणूस टेकू शकेल एवढी बैठक होते, आणि पाय धुताना पोरेही तेथे बसतात. त्याच्यावर भिंतीत कडप्प्याच्या दोन त्रिकोणी फळ्या बसवल्या की साबण, तेल, वजरी यांची सोय झाली.

ओटा किती उंच घ्यायचा, हे गवंड्याच्या अंदाजावर किंवा आपल्या हौसेवर सोडू नका. ते गटार ठरवते. पारदर्शक रबरी नळी पाण्याने भरून एक टोक गटाराशी धरा आणि दुसरे मोरीत आणा. दोन्हीकडचे पाणी एका पातळीत राहते. त्यावरून गटाराचा तळ मोरीच्या जुन्या फरशीपेक्षा किती वर आहे ते कळेल. समजा तो ४ इंच वर आहे. गटार तुंबले तरी पाणी लगेच उलटू नये म्हणून आपल्या नळाचे तोंड त्या तळापेक्षा किमान ३ इंच वर ठेवू; झाले ७. तोंडापासून आतल्या जाळीपर्यंत, भिंतीची जाडी धरून, नळाची लांबी ४ फूट. फुटाला २ सूत, म्हणजे पाव इंच उतार दिला तर १ इंच, झाले ८. जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवायचा. त्यात नेहमी थोडे पाणी अडून राहते, त्यामुळे गटाराची घाण आणि झुरळे आत येत नाहीत. जाळीपासून त्याच्या बाहेरच्या तोंडाच्या तळापर्यंत ५ इंच धरा. दुकानातून आणलेला ट्रॅप मात्र प्रत्यक्ष मोजून घ्या. झाले १३. फरशीचा उतार ४ फुटांत १ इंच; १४. पुढच्या काठाला पाणी अडवायला इंचभर गोट, १५. तेव्हा आपला ओटा सव्वा फुटाचा आला. तुमच्या गावात तो ९ इंचांचा येईल किंवा दीड फुटाचाही. बेरीज करण्याची रीत तीच.

या सव्वा फुटाच्या पोटात सामान ठेवता येईल का? येईल, पण जपून. ओट्याचा गल्लीकडचा अर्धा भाग, जेथे ट्रॅप आणि नळ आहे, तो पोकळ ठेवू नका. नळ बसवून, पाणी सोडून, गळत नाही याची खात्री करूनच तो विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरून काढा. स्वयंपाकघराकडच्या अर्ध्या भागात साडेचार इंची भिंतींवर कडप्पा टाकून पोकळी ठेवावी. वरचा कडप्पा, कोबा आणि फरशी यांची जाडी वजा जाता आत १० इंच उंची उरते. बादली त्यात उभी मावत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घमेले, पाट, धुण्याची काठी, खराटा, ब्रश एवढे आरामात राहते. पोकळीची तळफरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा २ इंच उंच आणि पुढे कलती घ्या. दार लावू नका. अंधार आणि ओल एकत्र आली की विंचू आपण होऊन राहायला येतो. उघडे, उजेडाचे तोंड असले की पुष्कळसे काम सोपे होते. आणि एक कळकळीची सूचना. पिकावर फवारायचे औषध, उंदराचे विष, ॲसिडची बाटली यांतले काहीही येथे ठेवायचे नाही. ही जागा दोन वर्षांच्या पोराच्या नेमकी हाताशी आहे.

बादल्यांसाठी अरुंद टोक मोकळे आहे. तेथे भिंतीला लागून फूटभर खोलीची मांडणी करा. खाली जमिनीवर बादल्या, कमरेच्या उंचीवर एक कडप्पा, त्याच्यावर खुंट्या आणि कोरडे कपडे. ओट्यापासून हे टोक दूर असल्यामुळे शिंतोडे पोचत नाहीत. मधल्या जागेत सरळ भिंतीत दार, आणि दारासमोर ओट्याच्या भरीव भागाला लागून पायरी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण ओटा बांधून झाल्यावर पुष्कळ घरांत तो विसरला जातो. फरशी सव्वा फूट वर आली म्हणजे त्या खोलीतली प्रत्येक उंची सव्वा फुटाने खाली आली.

खिडकीचेच घ्या. गल्लीकडच्या भिंतीत उजेडाला झरोका असतो. त्याची खालची कड जुन्या फरशीपासून ५ फुटांवर होती, तेव्हा आतले माणूस गल्लीतून दिसत नसे. ओट्यावर उभे राहिल्यावर तीच कड पावणेचार फुटांवर येते, आणि शिवाय बाहेरचा रस्ताही आधीच वर आलेला. घरातली बाई संकोचाने काही बोलत नाही. झरोक्याला पोते लावते, नाहीतर पहाटे अंधारात आंघोळ उरकते. पोते लावले की वारा बंद, ओल कायम. तेव्हा ओटा बांधतानाच झरोका वर सरकवा. खालची कड नव्या फरशीपासून ६ फूट, म्हणजे जुन्या फरशीपासून सव्वासात फुटांवर घ्या, आणि तिरप्या पट्ट्यांची चौकट बसवा. हा खर्च टाळण्यासारखा नाही. गवंडी म्हणेल, ‘‘भिंत फोडायला नको, राहू द्या तसंच.’’ त्याचे ऐकू नका. त्याला तेथे आंघोळ करायची नाही.

दुसरी वस्तू दिवा. आधी ज्या दिव्यापर्यंत हात पोचत नव्हता, तो आता ओल्या हाताच्या टप्प्यात येतो. दिवा ओट्याच्या वरून काढून दाराजवळ, कोरड्या भागात न्या; बटण खोलीच्या बाहेर. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आर.सी.सी.बी. घराला बसवून घ्या. विजेचा गिझर असेल तर तो बसवल्याशिवाय राहूच नका.

तिसरी वस्तू फवारा. तो डोक्यावर साडेसहा फुटांवर हवा, म्हणजे जुन्या फरशीपासून पावणेआठ फुटांवर. उतरते छप्पर असेल तर तेवढी उंची कोठे मिळते ते आधी पाहा. शिवाय फवारा वर गेला की दाब घटतो. टाकीचा तळ जुन्या फरशीपासून १२ फुटांवर असेल, तर पूर्वी साडेपाच फुटांचा उभा फरक मिळत होता; आता सव्वाचारच फुटांचा मिळतो. मीटरभर उभ्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम. म्हणजे आपल्या वाट्याला १३० ग्रॅम आले. एवढ्यावर बारीक छिद्रांचा झुळझुळीत फवारा चालत नाही, नुसता ठिबकतो. मोठ्या छिद्रांचा साधा फवारा घ्या, टाकीपासूनचा नळ पाऊण इंची ठेवा, त्याला वळणे कमी द्या, आणि जमले तर टाकी दोन-तीन फूट उंच घोडीवर चढवा.

फवाऱ्याखाली पाणी किती जाते, याचा हिशेबही घरातल्या शाळकरी मुलाकडून करून घ्यावा. बादली खाली ठेवून मिनिटभर फवारा सोडायचा आणि पाणी मापायचे. चांगला दाब असलेल्या साध्या फवाऱ्यातून मिनिटाला ८ ते १० लिटर जाते. पाच मिनिटांत ४० ते ५० लिटर. ५५ लिटरांत प्यायला, स्वयंपाकाला, धुण्याला काय उरले? अंग चोळताना फवारा बंद ठेवायचा असेल तर त्याची चावी हाताला सहज लागेल अशी, नव्या फरशीपासून साडेतीन फुटांवर बसवा. ज्या गावात नळ दोन-तीन दिवसांआड येतो, तेथे बादली-तांब्याच बरा, असे माझे मत आहे. बादलीसाठीही ओटा तितकाच उपयोगी आहे.

पाणी तापवण्याबद्दल दोन शब्द. झरोका लहान, दार बंद आणि आत गॅसचा गिझर किंवा धुमसत्या निखाऱ्यांचा बंब, यात माणसे दगावतात. जळण अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. माणसाला आधी डोके जड वाटते, मग पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढण्याइतके बळही राहत नाही. गॅसचा गिझर आणि बंब दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत ठेवायचे. आत यावे ते फक्त गरम पाणी. थंडीत झरोका बंद करण्याचा मोह सर्वांना होतो. तो बंदच होऊ नये अशा पक्क्या पट्ट्या बसवल्या की वादच मिटला.

याच कारणासाठी दार बाहेर उघडणारे हवे. आत कोणी पडले आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्याच्या अंगानेच ते अडते. कडी अशी घ्यावी की प्रसंगी बाहेरून काढता येईल.

घरात गुडघे धरलेले माणूस असेल तर सव्वा फूट ही त्याला टेकडीच. साडेसात इंचांच्या दोन पायऱ्यांऐवजी पाच-पाच इंचांच्या तीन करा, प्रत्येक पायरी १० इंच रुंद. वरची पायरी म्हणजे ओटाच. मधली जागा थोडी कमी होईल, होऊ द्या. पायरीला आणि ओट्याला घोटीव किंवा चकचकीत फरशी वापरू नका. टाकी मारलेली खरबरीत शहाबादी चांगली. पायरीच्या काठावर पिवळ्या रंगाची पट्टी ओढा, म्हणजे अंधुक दृष्टीलाही कड दिसेल. भिंतीत लोखंडी दांडी दोन ठिकाणी हवी. एक पायरीशी, दुसरी कट्ट्याशी. दांडी मातीच्या भिंतीत नुसती ठोकली तर नेमक्या वेळी हातात येते. तिचे पाय विटांच्या अस्तरात सिमेंटने गाडून घ्या.

त्या अस्तराचे सांगतो म्हटले होते. जुन्या भिंती बहुधा माती-दगडाच्या. त्यांच्यावर थेट सिमेंटचा गिलावा केला तर तो वर्षा-दोन वर्षांत पोकळ होऊन सुटतो आणि मागे ओल साठते. पलीकडे स्वयंपाकघराचे फडताळ किंवा धान्याची कणगी असली तर नुकसान वेगळेच. ओट्याच्या तिन्ही बाजूंना आतून साडेचार इंची विटांची भिंत घेऊन तिच्यावर गिलावा आणि नव्या फरशीपासून ६ फुटांपर्यंत फरशी लावावी. ओटा आणि भिंत जेथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता सिमेंटने गोल करून घ्या. पाणी शिरते ते तेथूनच. कोब्याला सात दिवस पाणी मारा.

फरशी बसवण्याआधी, कोबा पक्का झाल्यावर, जाळीच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवा आणि पुढच्या काठाला मातीचा बांध घालून ओट्यावर दोन इंच पाणी भरा. भिंतीवर पाण्याच्या कडेला खडूने रेघ ओढा आणि दोन दिवस कोणाला तेथे जाऊ देऊ नका. थोडे पाणी हवेत उडेल, रेघ दोरीभर खाली दिसेल; पण त्याहून जास्त उतरले तर कोठेतरी वाट आहे. खालच्या पोकळीत हात फिरवून पाहा, स्वयंपाकघराकडची भिंत तळाशी चाचपून पाहा. ओल लागली तर गवंडी अजून गावात आहे आणि फरशी अजून बसलेली नाही.